बुद्धीचे कारखाने आणि त्यांचा वीजपाण्याचा हिशेब

(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सप्ताहांत बहुधा मागील वर्षांचा आढावा घेण्याचा परिपाठ आहे. कोणी देवळाच्या पायाभरणीची हकीकत सांगतो, कोणी शाळेच्या पहिल्या मास्तरांची आठवण काढतो, आणि तें योग्यच आहे. चालकांनीं मात्र मजकडे पुढच्या काळाचा विषय सोंपविला आहे: कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांमुळें हवा, पाणी व जमीन यांवर जो भार पडतो तो हलका कसा करतां येईल. विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं असें विचारल्याचें माझ्या कानांवर आलें कीं, मोबाइलमध्यें प्रश्न टाकला आणि उत्तर आलें, यांत धूर कोठला आणि पाणी कोठलें? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

मोबाइलमध्यें टाकलेला प्रश्न बहुधा मोबाइलमध्यें सुटत नाहीं. तो तारांतून शेंकडों, कधीं हजारों मैल दूर असलेल्या एका इमारतींत जातो. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आंत लोखंडी कपाटांच्या रांगा असतात, कपाटांत गणित करणारीं यंत्रें असतात आणि तीं रात्रंदिवस चालूं असतात. त्यांना जितकी वीज द्यावी तितकी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढून न टाकल्यास यंत्रें बंद पडतील, म्हणून कोठें पंखे, कोठें थंड पाण्याचे नळ, आणि पुष्कळ ठिकाणीं पाण्याची वाफ होऊं देऊन गारवा उत्पन्न करण्याची युक्ति योजतात. उन्हाळ्यांत माठांतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें तोच हा न्याय. फरक इतकाच कीं माठ दिवसाला पेलाभर पाणी उडवितो, आणि येथें तें टँकरांनीं मोजावें लागतें. वीज कोळशाची असेल तर धूर दूरच्या कोणत्या तरी चिमणीतून निघतो. पाणी धरणांतलें किंवा जमिनीखालचें असतें. आणि चार-सहा वर्षांत यंत्रें जुनीं झालीं म्हणजे त्यांचा कचरा उरतो. धूर आणि पाणी कोठलें, याचें उत्तर हें असें आहे.

या सर्व व्यवस्थेला इंग्रजींत ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असें गोड नांव पडलें आहे. व्हॅटिकननें २८ जानेवारी २०२५ रोजीं ‘आंतिक्वा एत नोवा’ हें कृत्रिम बुद्धीविषयींचें टिपण प्रसिद्ध केलें, त्यांत या नांवाविषयींच सावध केलें आहे. ढग म्हटल्यानें सारें कांहीं अधांतरीं चाललें आहे असा भास होतो. वस्तुतः त्याखालीं यंत्रें, तारा व वीज आहे, आणि वीज व पाणी दोन्ही पुष्कळ खर्च होतात, असा त्यांतील आशय आहे. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या विश्वपत्रानें आपल्या सामायिक घराविषयीं जें सांगितलें, तें येथें एका नव्या धंद्याला लावून दाखविलें आहे. पोप लिओ चौदावे यांनीं मे २०२५ मध्यें आपण हें नांव कां घेतलें तें सांगतांना लिओ तेराव्यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’चा उल्लेख केला, आणि कृत्रिम बुद्धीला नव्या औद्योगिक क्रांतीच्या जागीं मानलें. कारखान्यांच्या त्या पहिल्या युगांत मजुरांच्या मजुरीचा हिशेब मागावा लागला होता. आतांच्या कारखान्यांना आणखी दोन हिशेब विचारले पाहिजेत, आणि माझें आजचें बोलणें त्या दोहोंपुरतें आहे.

भार केवढा तें प्रथम पाहूं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें एप्रिल २०२५ मध्यें दिलेल्या हिशेबाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील सर्व डेटा सेंटर्सनीं मिळून सुमारें ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. म्हणजे जगाच्या एकूण विजेचा सुमारें दीड टक्का. २०३० पर्यंत हा आंकडा ९४,५०० कोटींच्या आसपास जाईल असा त्या संस्थेचा अंदाज असून, वाढीचें मोठें कारण कृत्रिम बुद्धि हें आहे. दीड टक्का ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठीं व्याख्यान कशाला? परंतु हा भार जगभर सारखा पसरलेला नसतो. तो गोळा होऊन थोड्याच ठिकाणांवर बसतो. आयर्लंडांत २०१५ सालीं मोजणी झालेल्या विजेपैकीं ५ टक्के वीज डेटा सेंटर्सकडे जात होती. २०२३ सालीं ती २१ टक्के झाली, आणि त्याच वर्षीं त्या देशांतील शहरांतल्या सगळ्या घरांचा वांटा १८ टक्के होता. म्हणजे शहरांतील सर्व चुली, दिवे व शेगड्या एका पारड्यांत घातल्या तरी दुसरें पारडें खालीं राहिलें. डब्लिनच्या परिसरांत नव्या जोडण्या देणें २०२१ नंतर जवळजवळ थांबवावें लागलें. तेव्हां कांहीं कंपन्यांनीं विजेची तार मिळत नाहीं म्हणून गॅसचा नळ मागितला. एक दार लावलें तर दुसऱ्या दारानें तीच वस्तु आंत आली.

उलटपक्षीं एका प्रश्नाचा खर्च पाहावा तर तो क्षुल्लक आहे. गूगल कंपनीनें ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या जेमिनी या यंत्राविषयीं स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें, मध्यम प्रतीच्या एका लेखी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर, म्हणजे सुमारें पांच थेंब, पाणी लागतें. एका युनिटांत असे चार हजारांहून अधिक प्रश्न बसतात. तेव्हां ज्या मुलीनें गृहपाठांतला एक प्रश्न यंत्राला विचारला तिच्या अंगावर जगबुडीचा आरोप घालूं नये. पाप मोजावयाचें तर तें मोठ्या वहींत मोजलें पाहिजे.

ती मोठी वही कशी असते हें दोन यंत्रांच्या तुलनेवरून चांगलें कळतें, आणि माझ्या मतें या सबंध विषयाची किल्ली त्या तुलनेंत आहे. जीपीटी-३ हें अमेरिकेंतील यंत्र २०२० सालीं पुढें आलें. सुमारें १७५ अब्ज गणिती आंकड्यांचें तें जाळें. तें एकदां ‘शिकवून’ तयार करण्यास सुमारें १२,८७,००० युनिट वीज लागली आणि त्यायोगें सुमारें ५५२ टन कार्बन वायु हवेंत गेला, असा अंदाज २०२१ सालीं संशोधकांनीं बांधला. पुढें २०२२ सालीं ब्लूम नांवाचें जवळजवळ तितक्याच आकाराचें, १७६ अब्ज आंकड्यांचें यंत्र फ्रान्समध्यें, पॅरिसजवळच्या ‘जाँ झे’ या सरकारी महासंगणकावर शिकविण्यांत आलें. त्याला ४,३३,००० युनिट लागले आणि त्या विजेपुरता वायु निघाला सुमारें २५ टन. हा हिशेब साशा लुचिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडला आहे. वीज लागली एक-तृतीयांश, पण धूर झाला बाविसाव्या हिश्श्याइतका! याचें रहस्य यंत्राच्या हुशारींत नाहीं. फ्रान्सची बहुतेक वीज अणुशक्तीची व पाण्याची आहे. तेथें एका युनिटामागें सुमारें ५७ ग्रॅम वायु धरला गेला, जीपीटी-३ च्या वेळीं ४२९ ग्रॅम. आतां हेंच ब्लूम आपल्या देशाच्या सरसकट विजेवर शिकविलें असतें तर काय झालें असतें? आपल्याकडे २०२४ सालीं ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची होती, आणि युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम वायु पडतो. त्रैराशिक मांडून पाहावें: उत्तर ३०० टनांच्या घरांत येतें. यंत्र तेंच, विद्या तीच, आणि भार बारापट.

यावरून पहिला उपाय आपोआप निघतो. यंत्राला शिकविण्याचें काम आणि यंत्राकडून उत्तर घेण्याचें काम हीं दोन निराळीं आहेत. उत्तर देणारें यंत्र विचारणाऱ्याच्या जवळ असलें तर सोय होते. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रांतल्या तारा येऊन लागतात तेथें आसपास, ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला, डेटा सेंटर्सची गर्दी झाली आहे आणि देशांतील त्यांचा सर्वांत मोठा जमाव मुंबई व नवी मुंबई येथें आहे. परंतु शिकवणीला अशी जवळीक लागत नाहीं. ती महिनोन्महिने चालते, आणि जेथें वारा, ऊन किंवा वाहतें पाणी यांपासून वीज मुबलक आहे तेथें ती नेतां येते. मुंबईच्या जाळ्यावरच शिकवणी चालवावी असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं.

स्थळाप्रमाणें वेळहि आहे. सूर्याची वीज भर दुपारीं ओसंडते आणि दिवेलागणीला नाहींशी होते; मग संध्याकाळचा सारा बोजा कोळशावर येतो. जीं कामें तातडीचीं नाहींत (जुन्या चित्रांची छाननी, भाषांतरांचे गठ्ठे, शिकवणीचे कांहीं भाग) तीं दुपारकडे सरकवितां येतात. गूगलनें २०२० सालीं आपल्या डेटा सेंटर्समध्यें अशी व्यवस्था सुरू केल्याचें जाहीर केलें. दळण दुपारीं द्यावें कीं रात्रीं, हें आपली गृहिणी लाइट केव्हां जाते तें पाहूनच ठरवीत आली आहे. तिला या शोधाचें फारसें कौतुक वाटणार नाहीं. पण कंपन्यांकडून तें करून घ्यावयाचें तर दुपारची वीज स्वस्त व संध्याकाळची महाग अशी दरपत्रकें लागतात, केवळ उपदेश पुरत नाहीं.

दुपारचें ऊन रात्रीसाठीं सांठविण्याचीहि सोय आहे, आणि ती आपल्या सह्याद्रींतच आहे. खालच्या तलावांतील पाणी दुपारच्या फाजील विजेनें वरच्या तलावांत चढवावयाचें आणि संध्याकाळीं तें पुन्हा चक्रांवर सोडावयाचें. पुणें जिल्ह्यांत शिरवता येथें १,८०० मेगावॉट आणि रायगड जिल्ह्यांत भिवपुरी येथें १,००० मेगावॉट अशा दोन योजनांचा करार टाटा कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारशीं केला. याच घाटांत, खोपोलीस १९१५ सालीं, भिवपुरीस १९२२ सालीं आणि भिऱ्यास १९२७ सालीं पाण्याच्या विजेचे कारखाने सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्यांवर फिरल्या. त्या विजेला धूर नव्हता. पण भिऱ्याला पाणी पुरविण्यासाठीं मुळशीचें धरण झालें, मावळ्यांचीं गांवें व भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२१ सालापासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं त्यांना सत्याग्रह करावा लागला. स्वच्छ वीज म्हणजे कोणाचेंच नुकसान न करणारी वीज, अशी समजूत महाराष्ट्रानें तरी करून घेण्याचें कारण नाहीं. नव्या योजना कराव्यात. मात्र मुंबईच्या उपयोगासाठीं डोंगरांतल्या माणसाला काय द्यावें लागतें, तो रकाना या वेळीं आधीं भरावा.

आतां पाणी. अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानांत कोलंबिया नदीकांठीं द डॅल्स नांवाचें लहानसें शहर आहे. तेथें गूगलचीं डेटा सेंटर्स आहेत. एका वृत्तपत्रानें विचारलें कीं, हीं किती पाणी घेतात? शहराच्या कारभाऱ्यांनीं उत्तर देण्याऐवजीं २०२१ सालीं वृत्तपत्राविरुद्धच कोर्टांत धाव घेतली. म्हणणें असें कीं हें व्यापारी गुपित आहे. वर्षभराहून अधिक काळ वाद चालला, डिसेंबर २०२२ मध्यें शहरानें माघार घेतली, आणि आंकडे बाहेर आले: शहराच्या एकूण पाण्यापैकीं पाव हिश्श्याहून अधिक पाणी त्या इमारतींत जात होतें. पाणी घेणें हा गुन्हा नव्हता. करारानें घेतलें होतें. परंतु ज्यांच्या नळाचें तें पाणी, त्यांनाच तें किती हें कळूं न देणें, ही गोष्ट मला आंकड्याहून गंभीर वाटते.

वसईच्या बागायतींतील विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसून नेलें तेव्हां शेजाऱ्याच्या विहिरीचें काय होतें, हें या भागांतील पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसईची चळवळ उभी राहिली तिच्या पाठीशीं तें दुःख होतें. तेव्हां पाण्याचा प्रश्न आपणांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं. उपाय मात्र सांगितले पाहिजेत, कारण ते आहेत. पाणी न उडवितां बंद नळांतून तेंच तें फिरवीत राहण्याची रचना करतां येते. मायक्रोसॉफ्टनें २०२४ सालीं आपल्या नव्या इमारतींसाठीं अशी रचना स्वीकारल्याचें जाहीर केलें आणि एका इमारतीमागें वर्षाला साडेबारा कोटी लिटरांहून अधिक पाणी वांचेल असें म्हटलें. मात्र येथें एक आडकाठी आहे. वाफ न करतां गारवा करावयाचा म्हणजे यंत्रानें करावयाचा, आणि त्याला वीज अधिक लागते. पाणी वांचविलें तर कोळसा वाढतो, कोळसा वांचविला तर पाणी जातें! म्हणून एकच आंकडा दाखवून कोणी पाठ थोपटून घेऊं लागला तर दुसरा आंकडा विचारावा. आपल्यासारख्या उष्ण देशांत दोन्ही वांचविण्याचा मार्ग एकच दिसतो: पिण्याच्या पाण्याला हात न लावतां सांडपाणी शुद्ध करून तें वापरणें. नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें औद्योगिक वसाहतीला असें शुद्ध केलेलें सांडपाणी देण्याची व्यवस्था उभी केली आहे. मोरबे धरणाचें पाणी माणसांना आणि शुद्ध केलेलें सांडपाणी यंत्रांना, असा नियमच कां असूं नये?

निघालेली उष्णता वाया न घालवितां वापरण्याचाहि उपाय आहे. डब्लिनजवळ टालाट येथें २०२३ सालापासून ॲमेझॉनच्या डेटा सेंटरची ऊब नळांतून महाविद्यालयाला व पालिकेच्या इमारतींना पुरविली जाते. थंड देशांत हें छान आहे. आपल्याकडे मे महिन्यांत कोणाला ऊब हवी आहे? तो उपाय त्यांना लखलाभ असो.

यंत्राच्या आंतहि काटकसर करतां येते, आणि गेल्या कांहीं वर्षांत ती झपाट्यानें झाली आहे. बैलगाडीचें चाक मोडलें तर आपण सुताराला बोलावतों, सबंध गांव गोळा करीत नाहीं. पूर्वींचीं यंत्रें प्रत्येक शब्दाला सबंध गांव गोळा करीत. डिसेंबर २०२४ मध्यें आलेल्या डीपसीक-व्ही३ या चिनी यंत्रांत ६७१ अब्ज आंकडे आहेत, पण एका वेळीं त्यांतील ३७ अब्जच कामाला लागतात. मोठ्या यंत्राच्या उत्तरांवरून लहान यंत्र शिकविणें, आंकडे थोडक्यांत लिहिणें, एकदां दिलेलें उत्तर जपून ठेवणें, अशाहि युक्त्या आहेत. लहान कामाला लहान यंत्र ही त्यांतली सर्वांत साधी आणि, मला वाटतें, सर्वांत उपेक्षित युक्ति. पत्रांची वर्गवारी करावयास जगांतलें सर्वांत मोठें यंत्र लावणें म्हणजे आरतीला तोफ उडविण्यासारखें आहे. इमारतींचीहि तीच गोष्ट: अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणींत गणिताच्या प्रत्येक युनिटामागें गारवा वगैरेंसाठीं सरासरी ०.५६ युनिट आणखी खर्च होतांना आढळलें. उत्तम इमारतींत हा वरखर्च दहाव्या हिश्श्यावर आणलेला आहे. गूगलच्या वर सांगितलेल्या निवेदनांत तर एका वर्षांत प्रश्नामागील वीज ३३ पटींनीं कमी झाल्याचें म्हटलें आहे.

मग चिंता कशाची, असें कोणी विचारील. चिंता जेव्हन्सची. विल्यम स्टॅनले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं ‘द कोल क्वेश्चन’ नांवाचा ग्रंथ लिहिला. वाफेचीं यंत्रें सुधारलीं, थोड्या कोळशांत अधिक काम करूं लागलीं, तेव्हां लोकांना वाटलें कोळसा वांचेल. जेव्हन्सनें दाखविलें कीं झालें उलट; काम स्वस्त झालें म्हणून यंत्रें जिकडेतिकडे बसलीं आणि एकूण कोळसा वाढला. कृत्रिम बुद्धीची आज तीच गति आहे. प्रश्नाचा खर्च घटतो, आणि म्हणून न विचारलेल्या ठिकाणींहि यंत्र बोलूं लागतें: शोध घ्यावा तर आधीं त्याचें उत्तर, पत्र उघडावें तर आधीं त्याचा सारांश. आपण मागितलें नव्हतें. पण वीज मोजली गेली. म्हणून केवळ कार्यक्षमतेवर विसंबून भार कमी होणार नाहीं. कोठें तरी एकंदरीची मर्यादा लागते, जशी डब्लिनला उशीरां कां होईना, लावावी लागली.

घरच्या माणसानें काय करावें, हेंहि सांगावयास हवें, आणि तें थोडक्यांत सांगतां येईल. लुचिओनी यांच्याच २०२३ च्या एका पाहणींत एक हजार चित्रें काढून घेण्यास सरासरी २.९ युनिट आणि एक हजार लेखी उत्तरांना ०.०४७ युनिट वीज लागल्याचें आढळलें. म्हणजे एक चित्र सुमारें साठ उत्तरांच्या बरोबरीचें. ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या तरुण मंडळींनीं देवळाचीं जीं नाना तऱ्हेचीं यंत्रचित्रें एकमेकांस पाठविलीं, तीं पाहून मला आनंद झाला; तरी पन्नासांऐवजीं पांच काढलीं असतीं तर देऊळ कांहीं कमी सुंदर दिसलें नसतें. दुसरें, मोबाइल व संगणक शक्य तितकीं वर्षें वापरावे आणि मग भंगारवाल्याच्या पोत्यांत न टाकतां अधिकृत संकलन केंद्रांत द्यावे. २०२२ सालीं जगांत ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यांतील २२.३ टक्क्यांचाच रीतसर पुनर्वापर नोंदला गेला. बाकीचा कोणी तरी, कोठें तरी, उघड्या हातांनीं जाळून व वितळवून त्यांतलें तांबें काढीत असतो. खुद्द कंपन्यांतहि घाई वाढत आहे: ॲमेझॉननें २०२५ पासून आपल्या कांहीं यंत्रांचें हिशेबी आयुष्य सहा वर्षांवरून पांचांवर आणलें, आणि कारण दिलें तें कृत्रिम बुद्धीच्या प्रगतीच्या वेगाचें.

परंतु घरगुती संयमानें मोठी वही बदलत नाहीं. ती बदलावयाची तर ती प्रथम उघडली पाहिजे. युरोपीय संघानें २०२३ चा ऊर्जाकायदा व २०२४ चे नियम करून ५०० किलोवॉट व त्याहून मोठ्या प्रत्येक डेटा सेंटरनें आपली वीज, पाणी, फेरवापरलेली उष्णता यांचा वार्षिक हिशेब कळवावा असें ठरविलें. कंपनीचा सरसकट नव्हे, इमारतीवार. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण सबंध जगाची सरासरी काढली म्हणजे एका गांवची कोरडी विहीर तींत दिसत नाहीं. महाराष्ट्र सरकार डेटा सेंटर्सना करांत व शुल्कांत सवलती देतें. सवलत म्हणजे आपलाच पैसा. तो देतांना इमारतीवार हिशेब, शुद्ध केलेलें सांडपाणी आणि जुन्या कोळशावर न बसतां नव्यानें उभी केलेली सूर्याची वा वाऱ्याची वीज, एवढ्या तीन अटी घालण्यांत उद्योगाचा द्वेष कोठें आला? ज्या कंपन्या हें दुसऱ्या देशांत निमूटपणें करतात त्यांना तें येथेंहि जमेल.

शेवटीं एक उपयोगाची गोष्ट. २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि डेटा सेंटरच्या इमारती बहुधा या वर्गांत येतात. या वर्गाला जनसुनावणी नाहीं. त्यामुळें गांवांत दवंडी पिटली जाईल आणि मग आपण जाऊं, अशी वाट पाहूं नये. परंतु अर्ज व त्यासोबतचीं कागदपत्रें केंद्रसरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहतां येतात. त्यांत रोजचें पाणी किती व कोठून, सांडपाणी कोठें जाणार, विजेची मागणी किती, आणि वीज गेल्यास चालविण्याचीं डिझेलचीं जनित्रें किती, हे रकाने असतात. जनित्रांचा रकाना विसरूं नये, कारण त्यांचा धूर दूरच्या चिमणीतून नव्हे, शेजारच्या खिडकींत येतो. आपल्या धर्मग्रामांत शिकलेलीं, इंग्रजी वाचणारीं मुलें-मुली पुष्कळ आहेत. त्यांतील दोघांतिघांनीं महिन्यांतून एकदां बसून आपल्या तालुक्यांतील नव्या अर्जांचे हे चार रकाने वाचावे, मराठींत उतरवावे आणि देवळाच्या फलकावर लावावे. नगरसेवकाला किंवा ग्रामसभेंत प्रश्न विचारावयाचा तर तो त्या कागदावरून विचारतां येईल.